दुसऱ्याच्या फोनातला मोगरा

माझी बायको कुसुम अनोळखी माणसाकडे त्याचा फोन मागायची. कुणाला फोन लावायला नाही. बसस्टॉपवर, दवाखान्याच्या बाकावर, लग्नात जेवणाच्या पंगतीला, शेजारी कोण बसलंय ते बघायची आणि सरळ म्हणायची, "ताई, तुमच्या फोनला एक इचारून बघा ना. मोगऱ्याला फुलं का येत नाहीत, एवढंच." माणसं दचकायची. काही उठून दुसरीकडे बसायची. मी तोंड फिरवून उभा राहायचो, ही बाई जशी काय माझ्याबरोबर नाहीच. आता ती खरंच बरोबर नाही, आणि त्या तोंड फिरवण्याची मला लाज वाटते.

मी चौथी शिकलेला. लिहायची सवय नाही. सून म्हणाली, बाबा, बोलता तसं लिहा, म्हणून लिहितोय. गोड लिहिता येणार नाही.

आम्ही नाशिकजवळच्या मखमलाबादकडचे माळी. भाजी आणि फुलं पिकवायची आणि शहरात नेऊन विकायची. पिकवायचं मी, विकायचं कुसुमने. गंगापूर रोडच्या बाजारात गोणपाट टाकून तिने अर्धं आयुष्य काढलं. बंगल्यांतल्या, फ्लॅटमधल्या बायका मेथी घेता घेता तिला विचारायच्या, मावशी, मिरचीची पानं का आकसतात, गुलाबाला कीड पडलीय, काय मारू. ही जुडी हातात धरून सांगत बसायची. मागे गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी चिडायचो. "भाजी विक. शाळा कशाला उघडतेस?" ती म्हणायची, "अहो, मेथी आज रात्री संपंल. सांगितलेलं वरीसभर टिकतंय. बाई पुन्हा येती ती मेथीसाठी येती व्हय?"

आमची सून अश्विनी शिकलेली. तिने ऑफिस सोडून फोनवरचं दुकान काढलं. गच्चीत, गॅलरीत बाग करणाऱ्यांसाठी बियाणं, रोपं, शेणखताच्या पिशव्या. दुकानाशेजारी लिखाणाची पानं असतात, त्याला ब्लॉग म्हणतात. लोक फोनला काही विचारतात, फोन त्यांना पानं दाखवतो, आपलं पान वर दिसलं तर लोक आत येतात, वाचतात आणि दुकानातून काहीतरी घेऊन जातात. खाली राहिलं तर कुणी येत नाही. आमचं खाली होतं. किती खाली म्हणाल, तर अश्विनी अंगठा वर सरकवून सरकवून दमायची.

त्याच वेळी मुलाला, योगेशला, पुण्याची नोकरी चालून आली. नवरा-बायकोचं ठरलं, मृगापर्यंत दुकान उभं राहिलं तर इथंच राहायचं, नाहीतर पुण्याला जायचं. रात्री भांडी पालथी घालताना कुसुम मला म्हणाली, "चार ताटांचं घर दोन ताटांवर आलं की भाकरी बी नीट फुगत नाय." एवढंच. पण मला कळलं, ही आता दुकानाच्या मागे लागणार.

अश्विनीने एका जाणकाराकडून मोगऱ्याचं पान लिहून घेतलं होतं. कुसुमला वाचता यायचं, पण ती मुद्दाम म्हणाली, मोठ्याने वाच. अश्विनी वाचायला लागली. उत्तम मोगरा रोप. नाशिकमध्ये मोगरा रोप. घरपोच मोगरा रोप. प्रत्येक ओळीत मोगरा रोप. सूनबाईलाच हसू आलं.

"हा मानूस सांगतोय का आरोळी ठोकतोय?" कुसुम म्हणाली.

"आई, शब्द जास्त वेळा आला की वर येतं असं ते म्हणाले."

"आगं, आरोळी लांबच्या मानसाला. गिऱ्हाईक पुढ्यात येऊन बसल्यावर बी तू त्याच्या कानात आरोळीच ठोकायला लागलीस तर ते उठून जाईल नाय तर काय करंल?"

त्या दिवसापासून ती सांगायची आणि अश्विनी लिहायची. दुपारी ओसरीवर बसायच्या. एक लसूण सोलतेय, दुसरीच्या मांडीवर लॅपटॉप. मोगऱ्याचं नवं पान झालं. आमच्या मोरीच्या पाण्याजवळ कुंडीत कुसुमचा मोगरा आहे, त्याचाच फोटो टाकला.

आता आमचा मूर्खपणा सांगतो. पान वर यावं म्हणून कुसुमने बाजारातल्या सगळ्या माळणींना कामाला लावलं. रोज सकाळी गोणपाट टाकलं की प्रत्येकीने फोन काढायचा, मोगरा विचारायचा, आणि आपलं पान सापडेपर्यंत खाली जाऊन त्याच्यावर बोट दाबायचं. देवाला हात जोडल्यासारखं. मीपण दाबायचो. आणि बघता बघता पान वर यायला लागलं. माझ्या फोनवर पाचवं. मग दुसरं. एके दिवशी सगळ्या बायकांच्या फोनवर पहिलं! कुसुमने पेढे आणले. मिरचीवालीला दिले, लिंबूवालीला दिले, ज्या पोलिसाशी ती जागेवरून रोज भांडायची त्यालासुद्धा दिला. "पयला नंबर आला," म्हणाली. त्याला वाटलं घरातलं कुणी पास झालं.

पुढच्या आठवड्यात लासलगावला माझ्या भाचीच्या घरी साखरपुडा होता. तिथे कुसुम मिरवत म्हणाली, काढ गं तुझा फोन, मामीचं पान दाखवते. भाचीने विचारलं. पहिलं पान आमचं नाही. दुसरं नाही. भाची खाली खाली गेली, तिचा चहा गार झाला. आमचं कुठंच नाही. "मामी, नेट स्लो असेल," ती बिचारी म्हणाली. चार पाहुणे बघत होते.

घरी आल्यावर अश्विनीने खाली मान घालून सांगितलं. "आई, आपला फोन आपल्याला ओळखतो. आपण रोज एकच पान उघडतो, म्हणून तो आपल्याला तेच वर दाखवतो. दुसऱ्याला नाही दाखवत. मला आधी सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या खूश होतात."

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "म्हणजे घरचेच टाळ्या वाजवत होते. बाहेर तुझ्या मोगऱ्याला कुत्रं विचारत नाही." असं बोललो. माझी जीभ पहिल्यापासून अशीच. उरलेले पेढे डब्यात होते, ते तिने शेजारच्या गाईला घातले.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर तिने पहिला अनोळखी फोन मागितला.

मला वाटलं ही आता नंबर बघत सुटणार. पण तिचं नंबरावर लक्षच नव्हतं. ती त्या बाईचा अंगठा बघत होती. घरी येऊन अश्विनीला म्हणाली, "तिनं 'मोगरा लागवड' नाय इचारलं. तिनं इचारलं, माझ्या मोगऱ्याला नुसती पानंच येत्यात. आपल्या पानाला नाव काय दिलंय तू? मोगरा लागवड, संपूर्ण मार्गदर्शन. असं कोन बोलतं गं? सरकारी दवंडी हाय का?"

नाव बदललं. मोगऱ्याला पानंच येतात, फुलं का येत नाहीत, असं केलं. मग पुढच्या बाईला तिने आमचं पानच उघडून वाचायला दिलं आणि पुन्हा अंगठा बघितला. "सारखा खाली पळतोय. उत्तर सापडंना तिला. वरती तू लिवलंय मोगरा हे सुगंधी फूल हाय. आगं, ज्याच्या दारात मोगरा हाय त्याला म्हाईत नाय का ते? इचारलंय त्याचं उत्तर पयल्या ओळीत दे. मंग बस गप्पा मारत."

अश्विनी म्हणाली, "मग पहिली ओळ तुम्हीच सांगा." कुसुमने सांगितली ती तशीच्या तशी लिहिली. फक्त बोली थोडी सरळ केली. मला ती पाठ आहे. "पाणी तोडा. थंडीत पानं मलूल होईपर्यंत थेंब घालू नका. जीव तुटतो, पण तोडा. मी लाडाने पाणी घालून चार मोगरे वाया घालवलेत, म्हणून सांगते."

"आई, वाया घालवले हे कशाला लिहायचं? लोक दुकानावर विश्वास कसा ठेवतील?"

"मेलेलं झाड ज्यानं पाह्यलंय त्याचंच लोक ऐकत्यात. सगळी झाडं जगली असं म्हननारा खोटारडा असतो."

अशी तिने एकेक करून तीसेक पानं सुधारून घेतली. बाजारात बाईने काही विचारलं की उलट विचारायची, "हेच तुम्ही फोनला कसं इचाराल?" तेच नाव पानाला. एका पानातून दुसऱ्या पानाकडे रस्ता ठेवायला लावला. गुलाब वाचणाऱ्याला शेणखताचं पान दिसलं पाहिजे. "मी न्हाई का, माझी भाजी झाली की शेजारनीकडं लिंबं घ्यायला धाडते." एवढ्या साध्या गोष्टी. हुशारी नाही यात काही. पुढ्यात बसलेल्या माणसाकडे बघायचं, बस. मला ते चाळीस वर्षांत जमलं नाही.

उन्हाळ्यात तिच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी तिला सांगितलं नाही, पण माझं तोंड लपवता येण्यासारखं नाही. ती म्हणाली, "मृगापर्यंत ऱ्हाते का मी?" मी म्हणालो, गप. ती म्हणाली, "दुकानाचं कळंल तेवढ्यात."

वॉर्डात रात्रपाळीला एक नर्स होती, सुरगाण्याकडची. नवीन मुलगी, फार प्रेमाने बोलायची. सुई लावून झाल्यावर कुसुमने तिच्याकडे फोन मागितला. तेव्हाही मी भिंतीकडे बघितलं. पोरगी हसली, आणि तिने फोनला मोगऱ्याचं विचारलं. अंगठा सरकवावाच लागला नाही. पहिलंच पान आमचं.

ती मोठ्याने वाचायला लागली. पाणी तोडा. जीव तुटतो, पण तोडा. मग बोलायची थांबली आणि मनातल्या मनात वाचत राहिली. कुसुम तिचा अंगठा बघत होती. अंगठा हळूहळू चालला होता.

"मावशी, कोण आहे ही बाई? समोर बसून बोलल्यासारखं लिहिते."

मी तोंड उघडलं. कुसुमने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. "असंल कोन तरी माळीन," ती म्हणाली.

नर्स गेल्यावर मला म्हणाली, "आता पेढे आनले तर चालतील." मी खाली जाऊन आणले. तिला खाता येत नव्हतं. तिने मलाच एक खायला लावला.

मृगाच्या आधी योगेशने पुण्याला नाही म्हणून कळवलं. दुकानाला रोजची गिऱ्हाइकं लागली होती. त्याने आईच्या कानाशी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "चार ताटं." श्रावणात ती गेली. तेव्हापासून आम्ही तीन ताटं वाढतो. हिशोब तिचा चुकला असं मी म्हणणार नाही.

ती गेल्यापासून मी रोज सकाळी फोनला मोगरा विचारतो. तिचं पान पहिलं येतं. मला माहीत आहे, माझा फोन मला ओळखतो, माझं मन राखतो. राखू दे. बघतो नंबर, आणि बंद करतो. आणि मग मोरीजवळच्या तिच्या मोगऱ्याला पाणी घालतो. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. एक दिवस चुकवलं नाही. हिरवागार झाला, कंबरेएवढा. अश्विनी दोनदा म्हणाली, बाबा, थोडं कमी घाला. मी खेकसलो तिच्यावर.

पौष लागला. थंडी पडली. शेजारणीने कुंपणावरून बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, कुसुमताईचा मोगरा नुसताच माजलाय. औंदा उन्हाळ्यात काय फुलायचा नाही हा."

मला राग आला. घरात जाऊन फोन काढला आणि विचारलं, मोगऱ्याला पानंच येतात, फुलं का येत नाहीत. इतके दिवस मी नंबर बघायला विचारत होतो. त्या दिवशी खरंच विचारलं.

पान उघडलं. पाणी तोडा. जीव तुटतो, पण तोडा. मी लाडाने पाणी घालून चार मोगरे वाया घालवलेत, म्हणून सांगते.

पाठ होतं मला सगळं. कधी ऐकलं नव्हतं.

मी पूर्ण पान वाचलं. अंगठा हळू चालवला. खाली लिहिलं होतं, पानं मलूल पडली, थोडी गळली, की छाटायचं, शेणखत घालायचं, आणि मगच पाणी. तोवर कुंडीकडे फिरकू नका.

आज नववा दिवस. पानं खाली झुकलीत. तांब्या अश्विनीने उचलून आत ठेवलाय. मी ओसरीवर बसतो आणि मोरीकडे पाठ करत नाही. तोंड फिरवायचं नाही, एवढं ठरवलंय. बघतो त्याच्याकडे, आणि उठत नाही.