रामटेक्यांचं आरपार घर

ललित रामटेके काय काम करतात हे ऐकलं की लोक आधी मान डोलावतात आणि मग विचारतात, "हो, पण म्हणजे करता काय?" ललितराव शहर किती विस्कटलं ते मोजतात. जबलपूर चारी बाजूंची शेतं खात पसरत चाललंय हे कुणालाही दिसतं. ते नेमकं किती बिघडलं हे सांगायचा पगार एक खाजगी कंपनी ललितरावांना देते. मोजायची रीत सोपी आहे. रस्ता रस्त्याला किती ठिकाणी मिळतो ते बघायचं. चार रस्ते मिळाले की चौक, उत्तम. तीन मिळाले तर बरं. गल्ली पुढे जाऊन भिंतीला टेकली, तर वस्ती वाया गेली समजा. शिवाय मागच्या घरी जायला किती वळसा पडतो तेही बघायचं. वळसा जितका मोठा, तितकं शहर बिघडलेलं. हे सगळं ललितराव लग्नाच्या पंगतीतसुद्धा भातावर बोटाने रेघा ओढून समजावतात. त्यांच्या पत्नी यशोधराबाई अशा वेळी दुसऱ्या पंगतीत बसतात.

तर हे गृहस्थ स्वतः राहतात कुठे? पाटन रोडवरच्या एका कॉलनीत, गल्लीच्या टोकाला, भिंतीला टेकलेल्या शेवटच्या घरात.

त्याचं मूळ जुन्या जबलपुरातल्या दीक्षितपुऱ्यात आहे. ललितरावांचं लहानपण तिथल्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. पुढचं दार एका गल्लीत उघडायचं, मागचं दुसऱ्या. त्यामुळे बड्या फुहाऱ्याच्या बाजाराकडे निघालेली अर्धी आळी ह्यांच्या घरातूनच जायची. विचारत कुणी नसे. उंबऱ्यावर पाय ठेवताना "चाललो!" एवढं ओरडायचं, की आतल्या बाया पदर सावरायच्या आणि जमिनीवर अभ्यासाला पसरलेला ललित पाय आखडून घ्यायचा. दळणाचे डबे गेले, सायकली गेल्या, एकदा तर उशीर झालेला नवरदेव मुंडावळ्या सावरत गेला. मॅट्रिकचा सगळा इतिहास ललितने असा पाय आखडत वाचला आणि तेव्हाच ठरवलं, की घर बांधीन तर असं, ज्यातून कोणीही कुठेही जाणार नाही. म्हणून तो शेवटचा प्लॉट. दिवसभर आंधळ्या गल्ल्यांच्या नावाने बोटं मोडणारा माणूस स्वतःच्या गल्लीची भिंत बघून हरखला होता.

"चाललो!" म्हणून त्या घरातून सगळ्यांत जास्त वेळा गेलेला प्राणी म्हणजे आळीतला बंडू. जाता जाता भाकरीही उचलून न्यायचा. पुढे तो रेल्वेत गार्ड झाला, पण ललितचा चहा त्याने सोडला नाही. घर घ्यायची वेळ आली तेव्हा ललितरावांनीच नकाशावर बोट ठेवून त्याला सांगितलं, "ही माझी कॉलनी, ही मागची. तुझ्या अंगणाला माझं अंगण. पाठीला पाठ." एवढा मोठा रस्त्यांचा जाणकार सांगतोय म्हटल्यावर बंडूने डोळे मिटून पैसे भरले. दोन्ही कॉलन्यांमधली भिंत वाढून दोन पुरुष उंच झाली, तेव्हा जाणकारांच्या लक्षात आलं की आपण घरं बघितली, रस्ता बघायचाच राहिला. आता बंडूकडे जायचं तर आपल्या फाटकातून बाहेर पडा, पाटन रोडला लागा, दुभाजक फुटेल तिथून परत या, मागच्या कॉलनीचं फाटक गाठा आणि चौकीदाराला नाव सांगा, काम सांगा. काम काय, तर चहा.

काही वर्षं दोघं स्कूटरवरून आले-गेले. मग बंडूची बायको गेली, मागोमाग गुडघा गेला, आणि मुलाने नागपूरहून येऊन स्कूटर विकून टाकली. तेव्हापासून संध्याकाळी दोघं भिंतीच्या दोन अंगांना खुर्च्या टाकून, एकमेकांना न दिसता, ओरडून बोलत. कॉलनीतल्या लोकांना वाटे, रामटेकेजी भिंतीशी भांडतात.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "ललित, मी नागपूरला चाललो बे."

"किती दिवस?"

"कायमचाच. पोरगा म्हणते, एकटे काहून राहता. रविवारी घर पाहायला गिऱ्हाईक येऊन राहिलं."

"बरं," ललितराव म्हणाले. 'जाऊ नको' हे भिंतीपलीकडे ओरडून सांगता येत नाही, ही ह्या मैत्रीतली नवी अडचण त्यांना तेव्हा कळली.

त्यांनी कॉलनीची सभा बोलवायला लावली. गल्लीच्या टोकाच्या भिंतीत माणूस जाईल एवढं दार पाडू द्या, एवढीच मागणी. उभे राहून त्यांनी चौक, वळसे, तुटलेल्या वस्त्या असं सगळं भाषण दिलं. अध्यक्ष अंबरीशजी फार सभ्य माणूस. त्यांनी शांतपणे मोबाइल उघडला.

"रामटेके जी, आपके ही सर्वे में हमारी कॉलोनी अव्वल आई है। देखिए, चौक ही चौक! फिर दरवाज़ा किसलिए?"

खोटं काहीच नव्हतं. बिल्डरने आत गल्ल्या अगदी चौकडीच्या कापडासारख्या आखल्या होत्या. कॉम्प्युटरने चौक मोजले आणि पहिला नंबर दिला. ह्या सगळ्या चौकांना बाहेर पडायला एकच फाटक आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दीक्षितपुरा मात्र तळाला गेला होता, कारण तिथली प्रत्येक गल्ली नकाशावर कुणाच्या तरी दारात संपते. दारातून पुढे वाट जाते हे लिहायला जागाच नव्हती, आणि त्या वाटेवर पाय आखडून बसलेल्या पोराने मोठेपणी ती जागा मागितलीही नव्हती. सभेत टाळ्या पडल्या. कॉलनीचं नाव काढल्याबद्दल ललितरावांना वर पुष्पगुच्छ मिळाला.

तो घेऊन ते घरी आले. यशोधराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दार गल्लीतच काहून पाहिजे?" त्या म्हणाल्या. "आपल्या अंगणामागची भिंत तर आपल्याच प्लॉटात आहे. एक वीत जास्त मिळाली म्हणून साऱ्या गावाला सांगता. पलीकडे बंडूभाऊंचंच अंगण आहे. तिथं पाडा."

"मग लोक घरातून जातील."

"लोक कोण? बंडूभाऊ एकटे."

ललितराव कसनुसं हसले. जागा वाया जायला नको म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत भिडवून घर बांधलं होतं. अंगणातून रस्त्यावर यायचं तर स्वयंपाकघर आणि पुढची खोली ओलांडूनच. अशा घरातून फक्त एकटा माणूस जात नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ज्याच्यापासून पळून ते इतक्या लांब आले होते, तेच पुन्हा घरात शिरणार होतं. पण दुसरीकडे रविवार होता. पुढच्या सोमवारी आपण भिंतीशी खुर्ची टाकू आणि पलीकडे कुणी परका माणूस खोकेल, ह्या विचाराने त्यांना खरोखर भीती वाटली.

शनिवारी गवंडी आला. हातोड्याचे आवाज ऐकून अंबरीशजीही आले. "किचन का थोड़ा काम चल रहा है, भैया," यशोधराबाईंनी दारातूनच सांगितलं, आणि त्यात खोटं काय होतं? पलीकडून बंडू काठीने विटा ढोसत होता. भगदाड माणसाएवढं झालं, धूळ बसली, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"काय बे, म्हातारा झाला तू," बंडू म्हणाला. मग पडलेल्या विटांवर काठी रोवत त्याने पाय आत टाकला आणि ओरडला, "चाललो!"

"कुठे?"

"कुठंच नाही. चहा टाकायला सांग वहिनीला. गिऱ्हाइकाला मनाई करून दिली मी. पोराला सांगितलं, नागपूर लांब आहे, ललितचं घर जवळ."

ललितरावांनी डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं. ते कुणीही मानलं नाही.

पुढचं त्यांना माहीत होतं तसंच झालं. आधी बंडूची शेजारीण प्रणोती भाजीची पिशवी घेऊन आली, "इकडून लवकर होते ना, काका?" म्हणत. मग तिची सासू, मग शाळेची पोरं, मग कुणाचा तरी गॅस सिलिंडर. बंडूने सगळ्यांना एकच अट घातली होती, उंबऱ्यावर तो जुना शब्द ओरडायचा, आणि हिंदी बोलणारेसुद्धा ती पाळत होते. पुढच्या सर्वेच्या नकाशात ललितरावांनी आपल्या स्वयंपाकघरावर ठिपका ठेवला. इथे दोन कॉलन्या मिळतात. साहेबांचा फोन आला, हा कुठला चौक? "यशोधरा चौक," ललितरावांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळीही ते पुढच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. बंडू खुर्चीत बशीत चहा ओतत होता. मागच्या दाराशी कुणीतरी ओरडलं, "चाललो!"

आवाज कुणाचा ते कळायच्या आधीच ललितरावांनी पाय आखडून घेतले होते.