आत्याचा आपोआप लागणारा फोन

आमची सुभद्राआत्या म्हशीशी जितकं बोलायची तितकं माणसांशी बोलायची नाही. डाळजला तिच्या वस्तीवर गेलं, की आधी गोठ्यातून आवाज यायचा, "सरक की चंद्रे, किती आंग टाकतीस!" आणि मग आत्या दिसायची, ओचा खोचलेली, हातात चरवी. आल्यागेल्याला चहा मिळायचा तो धार काढून झाल्यावरच. "म्हशीला थांब म्हणता येतं व्हय? तू थांब," म्हणायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आप्पांना तिनंच कडेवर घेऊन वाढवलं. पण सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्याला कारण मी. भाची सून करून आणायची आपल्याकडे रीतच. आत्यानं तिच्या विकाससाठी मला मागितलं, तर आप्पा म्हणाले, "पोरगी शिकतीय. नात्यात द्यायची न्हाय." आत्या भरल्या ताटावरून उठली. "माझ्या पोटचा कमी पडला व्हय तुला?" एवढं बोलून तिनं एसटी धरली, ती परत आमच्याकडे बारामतीला आली नाही. पुढे विकासचं लग्न झालं, तो चाकणला सुखात आहे. मीही माझ्या जागी बरी आहे. पण भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मला आत्यावाचून करमायचं नाही, म्हणून मी आपली गुपचूप डाळजला जायची. तिनं माझ्यावर राग धरला नाही. भाकरी थापता थापता फक्त म्हणायची, "माझ्या चुलीपुढं बसली आस्तीस तू."

एमआयडीसीतल्या डेअरीत नोकरी लागल्यावर मी तिला स्मार्टफोन घेऊन दिला. नंबर भरताना आप्पांचाही भरला. "ठिव," ती म्हणाली, "लावायचा कुणाला हाय." चार महिन्यांत त्या फोनला काय झालं कोण जाणे, बोट न लावता तो आपला आपणच चालू लागला. पडद्यावर नावं नाचायची आणि कुणालाही फोन लागायचा. दुकानदार म्हणाला, बदलून मिळेल, पण वीसेक दिवस जातील. तोवर हाच वापरा.

आत्यानं घरचे उपाय सुरू केले. तांदळात ठेवलं की फोन बरा होतो, असं तिला कुणीतरी सांगितलं. तिच्या घरात तांदूळ सणापुरता, म्हणून तिनं तो बाजरीत पुरला. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी हसले, तर म्हणाली, "हास. नवी वस्तू, समद्या वस्तीनं हाताळली. लागंल न्हायतर काय." एकदा जनावरांच्या डॉक्टरांना सकाळपासून चार फोन गेले. बिचारे भिगवणहून मोटरसायकल पिटाळत आले, तर म्हैस ठणठणीत. आत्यानं त्यांना चहा पाजला आणि आलाच आहात तर म्हणून रेडकाला जंताचं औषध देऊन घेतलं. "फोनला अक्कल हाय," मला सांगत होती, "मी इसरले हुते."

इकडे आमच्या घरी निराळंच चाललं होतं. संध्याकाळचे सहा वाजले, की आप्पा मोबाइल घेऊन मागच्या दारी जाऊन बसायचे. कानाला फोन, तोंडातून शब्द नाही. म्हातारपणी ही काय भानगड, म्हणून मी एक दिवस त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. फोनमधून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता आणि आत्या म्हशीला सांगत होती, "गुडघं लई दुखत्यात गं. तुझं बरं हाय, चार पाय हायती." आप्पा हसत होते आणि डोळे पुसत होते. मला बघून चपापले.

"तिचा आपोआप लागतोय. मी काय लावत न्हाय." मग म्हणाले, "दुकानदाराशी बोलत हुतीस ते आयकलं मी. नवा कवा यायचाय?"

"पुढच्या आठवड्यात."

"घाई काय हाय?"

"तुम्हीच लावा की एकदा," मी चिडूनच म्हणाले.

"आन् तिनं न्हाय उचलला तर?"

फोन रोज नेमका सहालाच कसा लागतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

नवा फोन आला. मी तो घेऊन डाळजला गेले. आत्यानं तो उलटासुलटा करून बघितला.

"ह्यो लागतो का गं आपोआप?"

"नाही आत्या. तू लावशील तेव्हाच लागणार."

ती पदरानं काच पुसत बसली. मग हळूच म्हणाली, "मंग आता त्याला कळंल की, मीच लावतीय म्हणून."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकीचे फोन आपोआप लागत असतील, सहाचा फोन आत्या स्वतः लावत होती. फोन कोनाड्यात ठेवायचा आणि भावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हशीशी बोलायचं. "जुनाच ऱ्हाऊ दे माझ्यापाशी," ती म्हणाली. पण जुना परत करायचं दुकानदाराशी ठरलं होतं. मी तो पिशवीत टाकला. निघताना तिनं मला गळ्याची शपथ घातली, आप्पाला यातलं काही सांगायचं नाही. आत्या गेली त्याला आता दीड वर्ष झालं. आज वाटतं, खड्ड्यात गेला असता तो दुकानदार. ती माझ्याकडे कधी काही मागत नव्हती, एकदा मागितलं, तर मी नाही म्हणाले.

चार संध्याकाळी आप्पा मागच्या दारी बसून राहिले आणि फोन वाजला नाही. धड जेवतही नव्हते. पाचव्या दिवशी मी शपथ मोडली. सगळं ऐकल्यावर आप्पा चपला घालून मोटरसायकलपाशी जाऊन उभे राहिले.

आम्ही पोचलो ती धारेचीच वेळ होती. आत्या पाठमोरी बसली होती. आप्पा गोठ्याच्या दारात थांबले. "अक्का," एवढंच म्हणाले.

आत्याचे हात क्षणभर थांबले, पण तिनं मान वळवली नाही. म्हशीच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "चंद्रे, तुझा मामा आलाय बघ. इचार त्येला, एवढा उशीर का केला."