बाकाखालचं माहेर

माझे वडील कर्लीच्या खाडीवर सांगड चालवायचे. दोन होड्या शेजारीशेजारी बांधायच्या, वर फळ्या ठोकायच्या, झाली सांगड. तिला दोन्ही बाजूंनी बसायला लांब बाकं होती आणि त्या बाकांखाली वडिलांचं खरं राज्य होतं. वर कोण कुठे बसतंय याची त्यांना पर्वा नसे. खाली काय कुठे जाईल, यावर मात्र ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत. तळाला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं अंथरलेली. पुढे पाणी उडायचं, म्हणून तिथे नारळ, फणस आणि मासळीच्या पाट्या. मध्ये मुंबईकरांच्या वळकट्या आणि ट्रंका. दोन वळकट्यांच्या मध्ये मडकी दाबून बसवली की फुटायची नाहीत. तांदूळ, गूळ, मीठ मागे, कोरड्यात. कोंबड्यांना बाकाच्या कडेला वारा लागेल अशी जागा. एकदा एका गुरुजींच्या टाचेला कोंबडीने चोच मारली, तर वडील गुरुजींनाच म्हणाले, “पाय वर घेवा गुरुजी, ती तिची जागा आसा.”

मागच्या बाकाखाली, अगदी कोपऱ्यात, हातभर जागा मात्र ते कोणालाच देत नसत. ती माझी होती.

लग्न होऊन मी खाडीच्या पलीकडे गेले. पलीकडे म्हणजे किती लांब? आईने आज कुठलं लुगडं वाळत घातलंय, ते सासरच्या धक्क्यावरून मला दिसायचं. पण मनात आलं म्हणून उठून माहेरी गेलेली सून त्या काळी आमच्यात नव्हती. बोलावणं यावं लागे, सासरच्यांनी धाडावं लागे, आणि भातशेतीच्या घरात सुनेला धाडायला सवड कधीच नसते. आईने यावं, तर तिची आणखी वेगळी अडचण. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशी आमच्याकडची रीत. आई ती रीत इतकी पाळायची की आमच्या काठाला पायही लावायची नाही. वडील दिवसातून कितीदा तरी आमच्या धक्क्याला यायचे, पण घशाला कोरड पडली तरी आपल्याबरोबर आणलेलं पाणीच प्यायचे.

आणि मला मूल होत नव्हतं. सासूबाईंनी धामापूरच्या भगवतीला नवस बोलून ठेवला होता. मीही हात जोडायचे. खरं सांगायचं तर मी मूल मागायचे ते आई घरी यावी म्हणून.

आई यायची नाही, पण तिचा डबा यायचा. कट्टा गावच्या बाजाराच्या दिवशी मी धक्क्यावर जायचे, वाकून मागच्या बाकाखाली हात घालायचे आणि पितळी डबा ओढून काढायचे. कधी कुळथाची पिठी, कधी सुकी सुंगटं म्हणजे कोलंबी, कधी फणसाचं साठ. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. पण नव्या सुनेकडे स्वतःचं असं असतं काय? पहिल्या खेपेला मी डबा हातात धरून स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. सासूबाई तिखट होत्या, पण कद्रू नव्हत्या. मूठभर कोकमाची सोलं डब्यात टाकून म्हणाल्या, “घे गो. तुझी आवस म्हणात, व्याहीण भिकारी आसा.” आवस म्हणजे आई. पुढे मी परसातली सुरंगी वेचून भरू लागले. आई ती माळून अंगणात उभी राहायची. मला फुलं दिसायची नाहीत, पण ती उभी आहे एवढं दिसायचं.

एका बाजारच्या दिवशी बाकाखाली हात घातला, तर डब्याऐवजी माणसाचे पाय हाताला लागले. कोपरा अडवून कोणी बाई बसली होती. माझं डोकंच फिरलं. वर न बघताच मी करवादले, “पाय काढ गो बाये, ही जागा आमची आसा!”

“माका म्हायत आसा,” वरून आवाज आला.

आई होती. मला रडू आवरेना. धक्क्यावरची माणसं बघत होती. मी म्हटलं, “आये, तू येवक नाय ना आमच्याकडे?”

“मी खंय इलंय?” ती म्हणाली. “मी सांगडीर आसंय. तू बस.”

मी तिच्या शेजारी बसले. तिने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. पलीकडे जायची माणसं चढली, एकजण वडिलांवर ओरडला, “तारी, सोडा आता!” तेवढ्यात वडिलांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, भार एका अंगाला पडलाय. मग त्यांनी बाकांखालचं सगळं सामान बाहेर काढलं आणि पहिल्यापासून लावायला घेतलं. लावून झालं, पसंत पडेना, पुन्हा काढलं. एरवी एका फेरीत डोळे मिटून सामान लावणारा माणूस! माणसं चिडली, कोंबड्या फडफडल्या. आम्ही दोघी बसून राहिलो. त्यानंतर अधूनमधून भार एका अंगाला पडू लागला.

पावसाळ्यात खाडी फुगली की सांगड काठावर ओढून ठेवत. तशाच एका पावसाळ्यात आई गेली. रस्त्याने वळसा घालून निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी धक्क्यावर पावसात उभी राहून समोर बघत होते. तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही, आणि धरायचा कोणावर तेही मला कळलेलं नाही.

श्रावण सरल्यावर सांगड पुन्हा पाण्यात आली. मागच्या बाकाखालचा कोपरा वडील मोकळाच ठेवायचे. सांगड कितीही भरली, कोणी कितीही विनवलं, तरी म्हणायचे, “थंय नको.”

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. माहेरी करायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बारशाच्या दिवशी सांगड धक्क्याला बांधून वडील पहिल्यांदा आमच्या घराची पाखाडी चढून आले. ओटीवर बसले, नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “पाणी दी.”

मी तांब्या भरून आणला. त्यांनी तो तोंडापासून न काढता रिकामा केला आणि तसाच माझ्यापुढे धरला.

“आणि एक दी,” ते म्हणाले. “ह्यां तुझ्या आवशीच्या वाटणीचां.”