सखूबाईंच्या घरची अंड्याची पोळी

आता काय सांगू तुम्हाला, हे आठवलं की अजून माझी मान खाली जाते. पण तुम्ही आपलीच माणसं, म्हणून सांगते.

मी सांगलीची. आहारशास्त्र शिकले तेव्हा वाटलं होतं, मोठ्या दवाखान्यात बसून शुगरवाल्यांना भात कमी करायला सांगायचं, झालं. नोकरी लागली ती थेट मेढ्याच्या वर, डोंगरातल्या धनगरवाड्यांवर! गरोदर बायकांनी काय खावं, ते घरोघरी जाऊन सांगायचं.

तिथल्या सखूबाईंची सून रंजना पाच महिन्यांची गरोदर, अंगात रक्त कमी. घरात कोंबडी एकच. मी सखूबाईंना बजावलं, "अंडी विकू नका, ठेवा. मी मंगळवारी येते."

मंगळवारी गेले, तर समोर भाकरी आणि कांदा-मिरची घातलेली अंड्याची पोळी. काय माया असते हो माणसांना! मी ताट पुसून खाल्लं. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. नको म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दीड महिन्यानं रंजनाचं रक्त तपासलं. होतं तिथंच! माझं डोकं फिरलं. वाडीवरच्या आरोग्यसेविका आशाताई बसलेल्या, शेजारच्या बायका दारात, आणि मी सखूबाईंवर तुटून पडले. सून म्हणजे परक्याची पोर, म्हणून तिच्या तोंडचं काढता का, इथपर्यंत बोलले. माझ्या आईच्या वयाची बाई, खाली बघत राहिली.

शेवटी रंजनाच म्हणाली, "म्याडम, आत्यास्नी नगा बोलू. त्यांनीबी एक अंडं तोंडात घातलं न्हाई. अंडी ठिवा, मंगळवारी येते, आसं तुमीच म्हनला व्हता न्हवं? समदी तुमच्यासाठनंच ठिवली."

आशाताई वहीत बघायला लागल्या. दीड महिना मी त्या पोरीच्या वाटचं खात होते, आणि वर सासूला शिकवत होते! मी सखूबाईंचे पाय धरले. त्या उलट मलाच समजावत बसल्या, की चुकतं माणसाचं.

पुढच्या मंगळवारी डझनभर अंडी घेऊन गेले. सखूबाईंनी त्यातलीच दोन उकडून माझ्यापुढे ठेवली. मी शरमेनं सांगून टाकलं, मी अंडी सोडली.

सखूबाई सुनेकडे वळल्या. "रंजे, म्याडमनीच सोडल्यात. कायतरी वंगाळ आसंल त्यात. तूबी नगं खाऊ."

मग काय करता? रंजनाच्या शेजारी मांडी घातली, एक अंडं तिच्या हातात दिलं आणि दुसरं तिच्यादेखत गिळलं.