जुन्या पायथनसाठी एक छोटं पॅकेज

कळंबच्या एका छोट्या वाचनालयासाठी मी पुस्तकं शोधायचा प्रोग्राम लिहिला होता. यवतमाळला, माझ्या लॅपटॉपवर तो सुरळीत चालायचा. पेन ड्राइव्ह खिशात घालून एसटीनं गेलो, तिथल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाकला, तर पहिल्याच ओळीला अडला. ‘टायपिंग’ सापडत नाही म्हणे.

ग्रंथपाल ताई चष्मा सावरत स्क्रीनकडे बघत होत्या. “टायपिंग तं मले येते ना जी.”

मला हसू आलं. हे टायपिंग वेगळं. इथे आकडा येईल, इथे शब्द येईल, असं मी प्रोग्राममध्ये जागोजागी लिहून ठेवलं होतं, ते त्यांना सांगितलं.

“थे कायले लिहा लागते?”

“नाही लिहिलं तरी चालतं. पण सहा महिन्यांनी उघडलं की माझं मलाच कळत नाही.”

“म्हणजे डब्यावर चिठ्ठी. हळद कोणती, बेसन कोणतं.”

इतक्या वर्षांत मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

चूक माझीच होती. माझा प्रोग्राम पायथन या भाषेत लिहिलेला, आणि त्या कॉम्प्युटरवरचं पायथन जुनं. या चिठ्ठ्यांची सोय त्यानंतर आलेली. “नवीन टाकून देऊ का?” मी विचारलं.

“नको भाऊ. पुस्तकाच्या पाठीवरचे नंबर छापाचा प्रोग्राम याच्यावरच चालते. थो बंद पडला तं?”

त्यांचं खरं होतं. सुदैवानं, नवी सोय जुन्या पायथनमध्ये वापरता यावी म्हणून कुणीतरी एक छोटं पॅकेज करून ठेवलेलं होतं. वाचनालयात इंटरनेट नव्हतं. मोबाईलच्या नेटवर लॅपटॉपमध्ये ते उतरवलं, पेन ड्राइव्हनं इकडे आणलं, आणि पुन्हा तेच. घाईत मी सगळ्यात ताजं पॅकेज घेतलं होतं, ते जुन्याला चालेना. मग सगळी माहिती सावकाश वाचली, योग्य ते शोधलं आणि बसवलं. प्रोग्राम उघडला.

ताईंनी एका बोटानं ‘संत्रा’ लिहिलं. स्क्रीनवर तीन पुस्तकांची नावं आली. पेपर वाचत बसलेले एक काका उठून मागे उभे राहिले.

“हे दुसरं तं माह्या घरी हाय,” ते म्हणाले.

“मंग आणून द्या ना काका. दोन वर्षं झाले, मी शोधून राह्यली त्याले!”

आमचा चहा येईपर्यंत काका सायकलवर घरी जाऊन पुस्तक घेऊन आले.