एल्डनच्या कॅम्परचं हँडल

तर छत काही वर जाईना, आणि एल्डन कोसकेला आपल्याच कॅम्परभोवती फेऱ्या मारत होता. गाडीच्या सीटखाली बघून झालं, बर्फाच्या पेटीत बघून झालं, वेलदोड्याच्या पावाच्या पिशवीतसुद्धा हात घालून झाला. हँडल कुठेच नव्हतं.

घडीच्या कॅम्परचं असं असतं. मिटला की चाकांवरची नुसती पेटी, कमरेएवढी. मागच्या भोकात हँडल घालून फिरवलं की छत वर चढतं, मग दोन्ही अंगांनी खाटा ओढायच्या, कापडाच्या भिंती ताणायच्या, की झालं घर उभं. हँडल नसेल तर पेटी ती पेटीच. आत गाद्या, पांघरुणं, स्टोव्ह सगळं असून नसल्यासारखं.

आणि हे भर दुपारी, ऑटर तळ्याच्या काठी, तिथे मुक्कामाला आलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आमच्या इथे कुणाचा कॅम्पर आला की माणसं हातातलं काम टाकून, खुर्च्या मांडून, बिअरचा डबा उघडून बघायला बसतात. कोण वाकडा लावतो, कोण झाडाला घासतो, नवराबायकोत कोण कुणावर खेकसतं, हीच तर उन्हाळ्याची खरी करमणूक. एल्डननं जन्मभर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवलेली, त्यामुळे त्यानं कॅम्पर उलटा घेतला तो एका दमात दोन बर्च झाडांच्या मधोमध नेऊन बसवला. बघणारे हिरमुसलेच होते. आता त्यांच्यात पुन्हा जीव आला.

शेजारचा गॉर्डी, जुना ओळखीचा, खुर्चीतून उठायच्या आधीच म्हणाला, "एल्डन, घर आणलंस आणि दार विसरलास होय रे?"

म्हणाला खरा, पण आपल्याकडची सगळी हँडलं घेऊन तोच पहिला धावला. एक जाड, एक आखूड, एक बसलं पण फिरेना. प्रत्येक कंपनीचं भोक निराळं.

एल्डनचा चेहरा उतरत चालला होता. त्याला कारणही तसंच होतं. त्याची मुलगी डीना लहान असताना दर जुलैत तो, ती आणि तिची आई मार्लिस याच जागेवर, याच कॅम्परमध्ये राहायचे. मार्लिस गेली आणि कॅम्पर गोठ्यामागे जाऊन पडला. कापड कुजलं, गादीत उंदरांनी संसार मांडले. मग डीनाच्या नवऱ्याची नोकरी पार ॲरिझोनाला निघाली असं कळलं, तेव्हा एल्डननं तो सांगाडा ओढून शेडमध्ये घेतला आणि सगळा हिवाळा त्याच्यात घातला. तळाच्या फळ्या बदलल्या, चाकं फिरती केली, शेजारणीचं शिलाई मशीन मागून आणून नवं कापड स्वतः शिवलं. जाण्याआधी पोरीनं एक रात्र त्या कापडाखाली झोपावं, सकाळी लून पक्ष्याच्या हाकेनं जागं व्हावं, यापलीकडे त्याचं मागणं नव्हतं. आणि रात्र एवढी एकच होती. उद्या डीनाच्या दारात सामानाचा ट्रक लागायचा होता. घरी जाऊन यायचं म्हटलं तर मध्यरात्र उलटली असती.

डीना नवऱ्यामुलांना घेऊन आलेलीच होती, पोरं तळ्यात डुंबत होती. जावई क्रेग बिचारा भला माणूस. गावात एक बरं हॉटेल आहे, सकाळचा नाश्ताही देतात, असं त्यानं हळूच सुचवून पाहिलं. एल्डननं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

शेवटी डीनानं त्याला बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं, "बाबा, हँडल शेवटचं हातात कधी घेतलं होतं?"

एल्डन आठवू लागला. छत चढवाय-उतरवायला शेडमध्ये तो ड्रिल मशीनच लावायचा, खांदा दुखतो म्हणून. ड्रिल घरी. हँडलचा गंज मात्र त्यानं घासून काढला होता, तेल दिलं होतं, आणि मग... इथे तो थांबला आणि कॅम्परच्या दाराकडे बघत राहिला.

दारालगतच्या कापडावर, आतल्या बाजूनं, मार्लिसनं जुन्या जीनचा एक खिसा शिवला होता. छत चढलं की पोरीनं खेळता खेळता उतरवू नये म्हणून हँडल त्या खिशात जायचं. जागच्या जागी वस्तू, असा तिचा खाक्या. घरून निघताना गाडीत बसायच्या आधी ती "हँडल?" म्हणून विचारायची, आणि एल्डननं खिडकीतून ते उंच धरून दाखवल्याशिवाय पाय आत टाकायची नाही.

एल्डननं हँडल इमानेइतबारे खिशात ठेवलं होतं. आणि मग ड्रिलनं छत उतरवलं होतं, हँडल आतच.

हे ऐकून गॉर्डीनं पोट धरलं. क्रेगही हसला. डीना तर हसता हसता खालीच बसली. मग कड्या सोडल्या, गॉर्डी आणि क्रेगनं छताचा दाराकडचा कोपरा वीतभर उचलून धरला, आणि डीनानं खांद्यापर्यंत हात आत सारला.

"लवकर गं बाई," गॉर्डी कण्हला. "माझी कंबर काय नवी शिवलेली नाही."

डीनानं डोळे मिटून घेतले होते. खिशात हाताला काडेपेटी लागली. मग रबर लावलेला पत्त्यांचा जोड. मग हँडल. तरी तिनं हात लगेच काढला नाही. खिशाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. हसणं कधीच थांबलं होतं.

"कापड नवं आहे," ती म्हणाली, "पण खिसा आईचाच आहे."

कुजलेल्या कापडातून तेवढा कापून घेतला, आहे तिथेच शिवला, असं एल्डन पुटपुटला.

छत करकरत वर गेलं. खुर्च्यांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या चुलींकडे वळले. नातवंडं ओल्या अंगानं खाटांवर चढली, कुणी कुठे झोपायचं यावरून भांडू लागली. डीना पायरीवर बापाशेजारी बसली. तळ्यावर ऊन कलतं झालं होतं.

"बाबा, काडेपेटीसुद्धा जागच्या जागी ठेवलीत. मग निघताना हँडलच कसं विसरलात?"

एल्डननं हँडल मांडीवर आडवं धरलं होतं.

"विसरलो नाही गं. गाडी चालू करून अंगणात बसून राहिलो होतो, ती विचारेल म्हणून."