हरणाची बंदूक

घरात भिंतभर बंदुका टांगून ठेवलेला आणि तरीही जन्मात एक टिकलीसुद्धा न फोडलेला माणूस आमच्या वाशीम जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि ते माझे सासरे होते. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. मालेगावजवळ त्यांचं भाजीपाल्याचं वावर. वांगी, मेथी, बांधावर झेंडू. दिवाळीत गल्लीत पहिली लड वाजली की ते कानांत कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसत, आणि त्याच खोलीत त्यांच्या ठासणीच्या जुन्या बंदुका असत. साऱ्यांच्या नळ्या शिसं ओतून कधीच्या बुजवलेल्या. बंदुकीतून काय सुटतं याच्याशी मामाजींना देणंघेणं नव्हतं. बंदुकीवर काय कोरलंय, तेवढंच त्यांना पाहायचं असे. वावरात रोही, म्हणजे नीलगायी, शिरले की शेजारी बांधावरून ओरडायचा, "काका, घरात फौजेचं सामान, अन् रोही वांगे खाऊन राह्यले!" मामाजी तेलाचा रिकामा डबा बडवत धावायचे आणि परत येताना शांतपणे म्हणायचे, "आवाजानं जाते, त गोयी कायले?"

लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा चहाच्या आधी हातात भिंग आलं. "जवाई, कान पाहा त्याचे." एका बंदुकीच्या घोड्याखाली पोलादाची पट्टी होती आणि तिच्यावर अंगठ्याएवढं हरीण कोरलं होतं. चारी पाय हवेत, मान मात्र मागे वळलेली. भिंगातून पाहिलं तर कानांतले केससुद्धा दिसत होते. "आता सांगा, पयता पयता कोनाले पाहून राह्यलं थे?" मी पुस्तकातला माणूस, म्हणालो, शिकाऱ्याला असेल. "बराबर. पन थो हाय कुठी?"

तो इंझोरी गावात होता. ही बंदूक जोडीतली, आणि दुसरी तिथल्या एका म्हाताऱ्या गुरुजींच्या ओसरीत टांगलेली. तिच्या पट्टीवर नेम धरून बसलेला शिकारी. मामाजी कितीतरी वर्षं ताज्या वांग्यांची पिशवी घेऊन इंझोरीला जात, त्या बंदुकीसमोर बसून राहत आणि तसेच परत येत. गुरुजी म्हणायचे, "वांगे ठिवा, नजर वापस न्या." इकडे घरात हरणाच्या शेजारी एक रिकामा खिळा ठोकून ठेवलेला होता. त्या खिळ्यावर सासूबाई मुद्दाम पिठाची चाळणी अडकवत. बंदुकांना त्या 'माह्या सवती' म्हणत. एका दसऱ्याला तर त्यांनी देवाच्या भांड्यांबरोबर एक बंदूकही चिंच आणि राखेने खसाखसा घासून काढली. वर्षानुवर्षांचा काळपट रंग गेला, वेलबुट्टी अर्धी झिजली. मामाजी दिवसभर ती भिंगाखाली धरून बसले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "चमकली मातर झकास."

पुढे गुरुजी मुलाकडे कायमचे राहायला निघाले तेव्हा त्यांनी आपणहून शिकाऱ्याची बंदूक मामाजींच्या हाती दिली. "घ्या. एवढ्या वांग्यांनी हिच्यावर हक्कच झाला तुमचा." मामाजी ती गोधडीत गुंडाळून घरी घेऊन आले. आम्ही सारे जमलो. सासूबाईंनी चाळणीसुद्धा काढली. मामाजी बंदूक हातात धरून हरणासमोर बराच वेळ उभे राहिले. मग वळले, बाहेरच्या खोलीत गेले आणि शिकाऱ्याला दाराशी, रस्त्याकडे तोंड करून टांगलं.

"मामाजी, जोडी जुळली असती," मी म्हणालो.

"जुयली असती. मंग हरीन मेलं असतं." आणि चहा मागितला.

या उन्हाळ्यात मामाजी गेले. काही दिवसांनी अकोल्याचे एक गृहस्थ आले. सभ्य, जाणकार, अशा वस्तू जपणारे. त्यांना फक्त ती जोडी हवी होती. आम्हाला बरंच वाटलं. आमच्यापैकी कोण एवढं तेलपाणी करणार? निर्णय सासूबाईंचा होता, आणि सवती घराबाहेर काढायला त्या एका पायावर तयार असतील, असा आमचा समज.

सासूबाईंनी विचारलं, "कशा ठिवसान?"

"काचेच्या कपाटात, आजी. समोरासमोर. तशाच घडवल्या आहेत त्या."

"मंग नाई जमत."

"काहून वं आई?" माझ्या बायकोने विचारलं.

"त्याइनं थे हरीन इतके वर्स वाचोलं. आता म्या नेऊन देऊ का त्या शिकाऱ्याच्या हाती?"

गृहस्थ चहा पिऊन गेले.

दसऱ्याला पूजेसाठी साऱ्या बंदुका आतल्या खोलीत सतरंजीवर मांडल्या. सासूबाईंनी दाराजवळची बंदूक पदराखाली झाकून आणली, सगळ्यांत शेवटी ठेवली आणि बांधावरचा टपोरा झेंडू नेमका शिकाऱ्याच्या डोळ्यांवर ठेवला. मग कोनाड्यातलं भिंग काढलं. त्यांच्या हातात ते मी कधीच पाहिलं नव्हतं. त्या हरणावर वाकल्या. मी मागे उभा होतो.

"खरंच की," त्या हळूच म्हणाल्या, "कानात केस हायेत." आणि मान वर न करताच, "जवाई, जरासे सरका. उजेड येऊ द्या."